तण नसताना कोळपं कशाला?

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नोव्हेंबर संपता संपता रब्बी ज्वारीत पुन्हा एकदा कोळपं, म्हणजे ओळींमधली माती खरवडणारं बैलांचं अवजार, फिरतं. पीक आठ आठवड्यांचं झालेलं असतं, पाऊस जाऊन बरेच दिवस लोटलेले असतात आणि ओळींमध्ये तणाची काडीही नसते. भातपट्ट्यातून किंवा बागायती भागातून आलेला माणूस हे बघतो आणि त्याला वाटतं, बैलांना आणि माणसाला उगाच शीण. कोळपणी म्हणजे तण काढणं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात होते, ती तणासाठीच. दुसरी पाचव्या आठवड्यात, तणासाठीही आणि माती मोकळी करण्यासाठीही. आठव्या आठवड्यातली तिसरी मात्र भेगा बुजवायला असते, म्हणून तिला पासाचं, म्हणजे सपाट पात्याचं कोळपं न घेता दातेरी कोळपं जुंपतात. काळ्या जमिनीतली चिकणमाती ओल गेली की आकसते आणि आकसली की फाटते. भेग दोन बोटं रुंद झाली की जमिनीच्या पोटातली ओल तिच्या दोन्ही भिंतींतून उडायला लागते आणि आडवी पसरलेली मुळं ताणून तुटतात. दातेरी कोळपं वरची माती सैल करून भेगेत ढकलतं आणि वर कोरड्या मातीचा पातळ थर ठेवून जातं. तो थर आच्छादनाचं काम करतो. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं म्हणतात, ते या तिसऱ्या कोळपणीला सगळ्यात जास्त लागू पडतं.

आता हीच तिसरी कोळपणी वीतभर खोलीच्या मुरमाड रानात केली तर? तिथे भेगा पडतच नाहीत. कोळप्याचे दात वरच्या थरातली मुळं तोडतात, बाकी काही हाती लागत नाही. अवजार तेच, पीक तेच, आठवडाही तोच.

दुसऱ्या भागातल्या शेतकऱ्याकडून शिकताना घोळ होतो तो नेमका इथे. डोळ्यांना काम दिसतं, पण ते काम का करतात हे मातीत, हवेत किंवा घरात असलेल्या हातांच्या संख्येत लपलेलं असतं. ते कारण आपल्या रानात असेल तर पद्धत जशीच्या तशी आणता येते. अर्धंमुर्धं असेल तर बदलून आणावी लागते. कारणच नसेल तर कौतुक करून परत यावं, हे सगळ्यात अवघड जातं. कारण शेकडो किलोमीटर जाऊन रिकाम्या हाती यायला कोणाला आवडत नाही.

आधी शब्द, मग मापं

विदर्भात डवरणी म्हणतात तीच पश्चिम महाराष्ट्रात कोळपणी. तिकडची वखरणी म्हणजे इकडची कुळवणी. हे जमलं की बोलणं जमतं. पण खरा धोका मापांत आहे, कारण तिथे शब्द सारखा असतो आणि अर्थ वेगळा. बंगालच्या बिघ्यातले तीन बिघे एका एकरात बसतात. राजस्थानचा पक्का बिघा इतका मोठा की एकरात दीडाच्या थोडे वर बसतात. ‘बिघ्याला पाच किलो बी’ हे वाक्य कुठल्या गावचं आहे हे माहीत नसेल तर त्यावरून बियाणं काढणं म्हणजे निम्म्याची चूक ठरलेली. शिफारशी हेक्टरवर लिहिलेल्या असतात, बोलणं एकरावर चालतं, आणि हेक्टरचा आकडा एकराला टाकून पीक जाळल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात सापडतील.

फवारणीत हे जास्त महागात पडतं. ‘पंपाला ३० मिली’ असं कोणी सांगितलं की आपण मान डोलावतो. पण पाठीवरच्या हातपंपाने एकराला १५ लिटरचे १० पंप लागत असतील तर एकरी औषध गेलं ३०० मिली. पॉवर पंपाने तेच एकर ४ पंपांत उरकतं, आणि पंपाला ३० मिलीच टाकलं तर गेलं फक्त १२०. कीड मरत नाही, मग औषधाला दोष आणि ज्याने सांगितलं त्यालाही दोष. म्हणून एकच प्रश्न विचारायचा, एकरी एकूण किती आणि किती पाण्यात. त्यातही शेवटचा शब्द लेबलवर छापलेल्या प्रमाणाचा. शेजाऱ्याचा आकडा त्याच्याशी ताडून बघायचा.

शेणखताच्या ट्रॉलीचंही तसंच. ओलं, निम्मं कुजलेलं खत आणि वर्षभर कुजून भुसभुशीत झालेलं खत यांची ट्रॉली सारखीच भरलेली दिसते. आत किती पाणी आणि किती खत हे मूठ आवळून बघितल्याशिवाय कळत नाही. पाणी निथळलं तर त्या ट्रॉलीचा निम्म्याहून जास्त भार पाण्याचाच आहे.

माती किती दिवस पाणी पाजते

‘जमीन कशी आहे?’ याला ‘मध्यम’ हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि त्यातून काहीच कळत नाही. कोकणातली मध्यम आणि परभणीतली मध्यम यांचं एकमेकींशी नातं नाही. त्यापेक्षा पाऊस थांबल्यावर पीक किती दिवसांनी माना टाकतं, हे विचारावं. हिशोब सोपा आहे. भारी काळी जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण १८० मिमी पाणी धरते. वाळूसर जमीन तेवढ्याच खोलीत ८० मिमीच्या आसपास, आणि तिची खोली ३० सेंटिमीटरच असेल तर हातात राहिले २४ मिमी. वाढीच्या जोमात पीक दिवसाला ५ मिमी पितं असं धरलं, तर पहिल्या रानात ३६ दिवसांची पुंजी आहे आणि दुसऱ्यात पाचही नाही. शिवाय साठा निम्म्यावर आला की पिकाला ताण बसायला सुरुवात होते, म्हणजे प्रत्यक्षात दिवस आणखी कमी. पहिल्या रानातला शेतकरी पावसाचा तीन आठवड्यांचा खंड सोसतो आणि म्हणतो आमची पद्धत चांगली. त्याची पद्धत चांगली असेलही, पण त्याला तारलं मातीच्या खोलीने.

रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारस म्हणूनच खोलीवर केलेली आहे. ३० सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा, ६० सेंटिमीटरपर्यंत फुले सुचित्रा किंवा मालदांडी ३५-१, त्याहून खोल जमिनीला फुले वसुधा. दुसऱ्या गावात वसुधा बघून भारावून जायचं आणि घरच्या हलक्या रानात पेरायची, की कणसं बाहेर पडायच्या वेळेला ओल संपलेली असते. म्हणून ज्याचं पीक आवडलं त्याच्या रानात पहार घेऊन खोली मोजावी. तो हसेल, हसू दे.

घरी दोन चाचण्या करता येतात. पहिली बरणीची. वरचा पालापाचोळा बाजूला करून १५ सेंटिमीटर खोलीवरची माती घ्या, वाळवा, ढेकळं फोडा, खडे काढा. उभट, सरळ भिंतीच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती भरा, वर पाणी आणि चमचाभर कपडे धुण्याची पावडर. पावडर महत्त्वाची, तिच्याशिवाय चिकणमातीचे कण एकमेकांना धरून राहतात आणि वाळूसारखे खाली बसतात. मग काळी माती वाळूसर दिसते. पाच मिनिटं जोरात हलवा आणि ठेवून द्या. एका मिनिटात खाली बसेल ती वाळू, तिथे खूण करा. दोन तासांनी त्यावर बसलेला थर पोयट्याचा, म्हणजे वाळूहून बारीक कणांचा, दुसरी खूण. बाकीची चिकणमाती बसायला एक-दोन दिवस लागतात, भारी मातीत पाणी त्यानंतरही गढूळ राहतं. प्रत्येक थराची उंची एकूण उंचीने भागली की टक्के आले. १० सेंटिमीटरच्या थरात ५ सेंटिमीटर चिकणमाती असेल तर निम्मी जमीन चिकणमातीची, म्हणजे भारी. ज्याच्याकडून शिकायचं त्याच्या रानातली माती काढून त्याच्याच ओसरीवर दुसरी बरणी लावावी, आणि फोटो काढून दोन्ही शेजारी ठेवून बघाव्यात. तासभराच्या गप्पांपेक्षा जास्त कळतं.

दुसरी चाचणी खड्ड्याची. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा आणि जिरू द्या. पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. दुसऱ्यांदा भरल्यावरचाच आकडा धरायचा. पहिल्या वेळी कोरडी माती आणि भेगा पाणी पितात आणि चिबड, पाणी धरून राहणारी जमीनही निचऱ्याची वाटते. ठिबकच्या ड्रिपरमधलं अंतर याच्याशीच बांधलेलं आहे. हलक्या जमिनीत पाणी सरळ खाली जातं, ओलावा आडवा पसरत नाही, तिथे ड्रिपर ३० ते ४० सेंटिमीटरवर लागतात. भारी जमिनीत पाणी आडवं पसरतं, ५० ते ६० सेंटिमीटर चालतं. भारी जमिनीतल्या शेजाऱ्याची नळी बघून तीच हलक्या रानात अंथरली की दोन ड्रिपरच्या मध्ये कोरडा पट्टा राहतो, आणि तो भरायला माणूस पाणी जास्त वेळ सोडतो. ते पाणी मुळांच्या खाली निघून जातं, सोबत नत्रही नेतं.

चुनखडी आहे का हेही बघून घ्यावं. मातीच्या ढेकळावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि फसफसलं तर मोकळा चुना आहे. अशा जमिनीत लोहासाठी फेरस सल्फेट मातीतून दिलं तर ते लगेच पिकाला न घेता येणाऱ्या रूपात जातं. पिवळी पडलेली पानं पिवळीच राहतात. रॉक फॉस्फेटचं याहून गमतीचं. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत ते हळूहळू विरघळून स्फुरद देतं. आठच्या सामूच्या (पीएचच्या) चुनखडीयुक्त रानात तेच रॉक फॉस्फेट दगडासारखं पडून राहतं. आम्लधर्मी भागातला माणूस चुना टाकतो आणि चोपण, म्हणजे सोडियम साठलेल्या जमिनीतला जिप्सम, दोन्ही पांढरी पावडर, आणि बघणारा दोन्हीला ‘जमीन सुधारक’ म्हणून लक्षात ठेवतो. सामू आणि विनिमययोग्य सोडियम तपासल्याशिवाय यातलं काहीही उचलू नये.

भाताचा धडा

पद्धत कशी बदलत बदलत प्रवास करते हे भातात सगळ्यात स्वच्छ दिसतं. मादागास्करमध्ये आंरी द लोलानिए या धर्मगुरूने शेतकऱ्यांबरोबर काम करताना १९८० च्या दशकात जी पद्धत बसवली, ती जगभर एसआरआय किंवा ‘श्री’ नावाने गेली. ८ ते १२ दिवसांचं दोन पानांचं कोवळं रोप, एका जागी एकच, २५ बाय २५ सेंटिमीटरवर, शेतात पाणी साठवून न ठेवता आळीपाळीने ओल आणि सुकवण, आणि लावणीनंतर १०-१२ दिवसांपासून फिरतं कोळपं. एकरी बी दोन किलोच्या आसपास पुरतं. कोवळं रोप लवकर उचलल्यामुळे फुटव्यांची संधी वाया जात नाही, आणि मुळांना हवा मिळाल्याने ती काळी पडून कुजत नाहीत. कारण हे असं आहे.

हे कारण उभं राहतं ते एका अटीवर: पाणी आत घेणं आणि बाहेर काढणं तुमच्या हातात हवं. जुलैच्या पावसात कोकणात खाचर खाचराला पाणी देतं, वरच्या बांधावरून खाली सतत वाहतं. तिथे चार बोटांचं रोप लावलं तर रात्रीत बुडतं किंवा वाहून जातं. म्हणून तिथे २१ ते २५ दिवसांचं, चार-पाच पानांचं रोप घेतात, आणि ते चुकीचं नाही.

मग कोकणाने यातून काही घ्यायचं नाही का? ठरलेल्या अंतरावर, मोजून लावणी हा भाग घेता येतो, आणि चारसूत्री पद्धतीत तोच आहे. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर आलटून पालटून होते, दोन्ही दिशांनी. त्यामुळे चार चुडांचा (लावलेल्या रोपांच्या जुड्यांचा) १५ सेंटिमीटरचा एक चौकोन, मग २५ ची मोकळी वाट, मग पुन्हा चौकोन. प्रत्येक चौकोनाच्या मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपी ब्रिकेट, म्हणजे खताची दाबून केलेली गोळी, ७ ते १० सेंटिमीटर खोल हाताने खोचायची. एक चौकोन वाटेसकट ४० बाय ४० सेंटिमीटर जागा घेतो, म्हणजे हेक्टरी ६२,५०० चौकोन आणि तेवढ्याच ब्रिकेट, वजनाने साधारण १७० किलो. फेकून दिलेला युरिया वाहत्या पाण्याबरोबर शेजाऱ्याच्या खाचरात जातो किंवा अमोनिया होऊन उडतो. चिखलाच्या खालच्या, हवा नसलेल्या थरात ठेवलेला अमोनियमच्या रूपात मातीला धरून राहतो आणि मुळं तिथे पोचतात.

यात हमखास होणाऱ्या चुका तीन. ब्रिकेट चार बोटं खोल जाण्याऐवजी एकच बोट जाते, कारण संध्याकाळपर्यंत पाठ मोडलेली असते. मग फेकलेल्या युरियाहून ती फारशी वेगळी राहत नाही. ओल्या हाताने पिशवीत हात घातला की ब्रिकेट विरघळून एकमेकींना चिकटतात. आणि दोरी न धरता अंदाजाने लावणी केली की चौकोनच उमटत नाहीत, मग ब्रिकेट कुठे खोचायची हे कोणालाच समजत नाही. जिथे पाणी झरझर मुरतं अशा वाळूसर खाचरात ही पद्धत नेऊ नये. माती अमोनियम धरून ठेवू शकत नाही, तो मुळांच्या खाली उतरतो.

राबाचंही बाहेरून आलेल्या माणसाला नवल वाटतं. मार्च-एप्रिलमध्ये शेण, पालापाचोळा, गवत, डहाळ्या यांचे थर रोपवाटिकेच्या जागेवर रचून जाळायचे. जळण फुकट गेलं असं वाटतं. पण पावसाळ्यात सतत ओल्या राहणाऱ्या वाफ्यात रोपाआधी तण उगवतं आणि ते खुरपायला माती वाफशावर, म्हणजे कामाजोग्या ओलीवर येतच नाही. राबाने वरच्या थरातलं तणाचं बी भाजून निघतं आणि राख मिळते. त्यासाठी झाडं बोडकी होतात, हा तोटा मला तरी फायद्याहून मोठा वाटतो. गादीवाफा करून त्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळली तर निचरा, राख आणि सिलिका मिळते. तणाचा प्रश्न मात्र उरतो, तो एक-दोनदा वाफा आधी ओलवून, तण उगवू देऊन मोडल्याने बराच सुटतो. म्हणजे राब सोडताना त्याची दोन्ही कामं मोजून प्रत्येकाला पर्याय ठेवावा लागतो. नुसतं जाळणं बंद करून भागत नाही.

दिवसाची लांबी आणि थंडी

माती बदलता येते थोडीफार, पाणी आणता येतं. दिवसाची लांबी कोणाच्या बापाला बदलता येत नाही. युरोपातल्या किंवा उत्तरेच्या थंड प्रदेशातल्या दीर्घ दिवसाच्या कांद्याला गड्डा धरायला १४ तासांच्या वरचा दिवस लागतो. महाराष्ट्रात सर्वात मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास. असा कांदा इथे पातीच वाढवत बसतो. आणि इथल्या इथेही खरिपाचा वाण रब्बीत लावला की डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे येतात. परक्या भागातलं बी आणताना बाकी काही विचारलं नाही तरी अक्षांश आणि हंगाम विचारावा.

द्राक्षाची गोष्ट याच्या उलटी आहे. थंड प्रदेशात वेल हिवाळ्यात पानं टाकून झोपतो आणि झोपेत असताना वर्षातून एकदाच छाटतात. नाशिक-सांगलीकडे वेल झोपतच नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नव्या काड्या आणि त्यांत घडाचे डोळे तयार करायचे, आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळ छाटणी करून ते फोडायचे. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात, म्हणजे थंडीचं काम रसायनाकडून करून घेतात. थंड देशातला छाटणीचा तक्ता इथे निरुपयोगी, पण डोळ्यात घड कधी ठरतो हे तिथलं ज्ञान पूर्ण उपयोगी. खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत ते ठरतं. त्या काळात ढगाळ हवा, जास्त नत्र आणि पानांची गर्दी झाली तर ऑक्टोबरमध्ये काडीवर घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला वेटोळं घालणारा तंतू निघतो. ऑक्टोबरात केलेली कुठलीही फवारणी ते भरून काढत नाही.

उसाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रातला आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि १६-१८ महिने उभा असतो. उत्तर प्रदेशात थंडीत वाढ थांबते, तिथे हा हिशोब बसत नाही, आणि ऐन थंडीत तोडलेल्या उसाचा खोडवा, म्हणजे बुडख्यातून येणारं पुढचं पीक, नीट फुटत नाही. त्यामुळे तिकडची एकरी टनांची आणि आपली तुलना करायची तर महिन्याने भागून करावी. केळीत जळगावला मृगबाग आणि कांदेबाग असे दोन हंगाम पडले ते उन्हाच्या झळा आणि थंडी चुकवण्यासाठी. १० अंशांच्या खालच्या थंडीत निसवण (घड बाहेर पडणं) सापडली तर घड गळ्यात अडकतो. म्हणून बागेभोवती वारा अडवायला लावलेली शेवरीची झाडं शोभेसाठी नसतात.

खड्डे, पेंढा आणि माणसं

बुर्किना फासोच्या उत्तर भागात ‘झाई’ नावाचे खड्डे असतात. याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने ते सुधारले, २०१८ मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. २० ते ३० सेंटिमीटर रुंद आणि १५-२० सेंटिमीटर खोल खड्डे उन्हाळ्यातच खोदून ठेवायचे, ओंजळ-दोन ओंजळी शेणखत टाकायचं आणि पावसाआधी किंवा पहिल्या पावसावर ज्वारी-बाजरी टोकायची. खतामुळे वाळवी येते, ती जमिनीत भोकं पाडते, पाणी मुरतं. तिथल्या जमिनीवर सिमेंटसारखी पापडी असते, त्यामुळे पडलेला पाऊस वाहून जातो. खड्डा तो अडवतो.

आपल्याकडच्या माळरानावर, पापडी धरणाऱ्या हलक्या जमिनीत आणि कमी पावसात हे आजमावण्याजोगं आहे. काळ्या रानात तोच खड्डा पहिल्या मोठ्या पावसात डबकं होतो आणि रोप पिवळं पडतं. काळ्या रानाला पाणी काढून देणारी सरी हवी, म्हणूनच तिथे सोयाबीनला रुंद वरंबा-सरी शोभते. आणि ८० सेंटिमीटर अंतराने खोदायचं तर हेक्टरी १५ हजारांच्या वर खड्डे होतात. उन्हाळ्यात ज्या घरात मोकळे हात असतात तिथे हे जमतं. जिथे उन्हाळ्यात घरातले सगळे कामाला बाहेरगावी जातात तिथे कागदावर राहतं.

आच्छादनाबद्दलही तसंच. पंजाब-हरियाणात भात काढणी आणि गहू पेरणी यांत जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, पेंढ्याला मागणी कमी, त्यामुळे उभ्या धसकटात पेरणारा हॅपी सीडर तिथे कामाचा. ज्वारीच्या भागात कडबा म्हणजे जनावरांचं वर्षभराचं पोट. तिथे ‘अवशेष रानातच ठेवा’ हा सल्ला ऐकून माणूस गालात हसतो, आणि बरोबर हसतो. तिथे गिरिपुष्पाचा पाला, तुरीची धसकटं, उसाचं पाचट असं जनावर खात नाही ते शोधावं लागतं.

बांधावर गेल्यावर

पीक जोमात असताना सगळेच बोलावतात. शक्य असेल तर एकदा तेव्हा आणि एकदा पाऊस दडी मारून बसलेला असताना जावं. घरी चहा घेत विचारलेल्या प्रश्नांना ठरलेली उत्तरं येतात, सरीत उभं राहून विचारलेल्यांना खरी. एक रोप उपटून मुळं बघण्याची परवानगी मागावी. मुळं खाली जाता जाता एकाच खोलीवर आडवी वळलेली असतील तर खाली नांगराचा घट्ट थर आहे, मग वरचं पीक कितीही हिरवं असो.

प्रश्न असे विचारावेत: सगळ्यात वाईट वर्षी काय झालं? हे करून बघून सोडून दिलं असं काय आहे? शेजारी हे का करत नाहीत? शेवटचा प्रश्न सर्वात कामाचा. पद्धत इतकी चांगली असून बांधाला बांध लागलेला माणूस ती घेत नसेल तर त्याच्याकडेही अर्धा तास जावं. बहुतेक वेळा पाणी, मजूर किंवा बाजार यांपैकी काहीतरी निघतं. घरातली बाईमाणसं आणि मजूर यांच्याशी बोलल्याशिवाय परतू नये. लावणी, खुरपणी, तोडणी त्यांच्याच हातून होते, आणि ‘एका दिवसात होतं’ हे वाक्य बहुतेक वेळा न वाकणाऱ्या माणसाचं असतं.

इंडोनेशियात १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या त्या तपकिरी तुडतुड्यांवरून. साधारण २५ शेतकरी, आठवड्यातून एकदा, पूर्ण हंगामभर त्याच खाचरात उतरून कीड आणि मित्रकीटक मोजायचे, चित्र काढायचे, मग फवारायचं की नाही ते ठरवायचे. कीटकनाशकाने कोळी मरतात आणि तुडतुडे उलट वाढतात हे त्यांना कोणी सांगण्याआधी मोजणीत दिसलं. एका दिवसाच्या शिवारफेरीतून हे कधीच दिसणार नाही.

परत येताना माती, रोपं आणि कंद आणू नयेत. केळीच्या मुनव्यांबरोबर सूत्रकृमी आणि मर रोग येतो, आल्या-हळदीच्या कंदाबरोबर कंदकूज. पाहणीला गेलेल्या पायांची माती तिथेच बांधावर धुवावी. बी आणायचंच तर लेबलचं, आणि बीजप्रक्रिया करून.

मग आपल्या रानात

पहिल्या वर्षी पूर्ण रानात काहीही करू नये. पट्टे पाडावेत, नवी पद्धत आणि जुनी आलटून पालटून, प्रत्येकी निदान तीन. रानाला उतार असेल आणि पट्टे उताराच्या दिशेने पाडता येत असतील तर प्रत्येक पट्ट्यात वरची हलकी आणि खालची भारी माती दोन्ही येतात. पेरणी उताराला आडवी असेल, आणि ती तशीच असावी, तर एक जोडी वर, एक मध्ये, एक खाली घ्यावी. नवी पद्धत विहिरीजवळच्या चांगल्या तुकड्यात आणि जुनी कडेच्या खडकाळ तुकड्यात, असं नकळत सगळेच करतात.

वाण एक, पेरणीचा दिवस एक, खत एक. बदल एकच. अंतरही बदललं, वाणही बदलला आणि ठिबकही टाकलं, तर उत्पन्न वाढल्यावर श्रेय कोणाला द्यायचं? काढणीला बांधाकडच्या दोन-दोन ओळी सोडून प्रत्येक पट्ट्याच्या मधून ३ बाय ३ मीटरचा चौकोन दोरीने आखून वेगळा काढा आणि वेगळा मळा. वजन करताना ओलावा मोजा. १८ टक्के ओलाव्याचं १२ किलो धान्य १२ टक्क्यांवर आणलं तर ११.१८ किलोच भरतं. हे न केल्यामुळे उशिरा पिकणारी पद्धत फुकट जिंकते. तीन जोड्यांपैकी तिन्हींत नवी पद्धत पुढे असेल तर पुढच्या वर्षी मोठ्या तुकड्यावर घ्या. दोनात पुढे आणि एकात मागे असेल तर ती एक जोडी कुठे आहे ते जाऊन बघा, तिथली माती पहारीने मोजा.

हे आकडे ज्याच्याकडून पद्धत घेतली त्यालाही कळवावेत, फसली असेल तर आधी. त्याने बहुधा जुन्या पद्धतीचा पट्टा कधी ठेवलेलाच नसतो. ‘तुमचं आमच्याकडे चाललं नाही’ एवढ्याने त्याला काही कळणार नाही. मातीची खोली, पेरणीची तारीख, खंड किती दिवसांचा पडला, आणि आठव्या आठवड्यात भेगा होत्या की नव्हत्या, एवढं लिहून पाठवलं तर तो पुढच्या खेपेला स्वतःच्या हलक्या तुकड्यात तिसऱ्या कोळपणीशिवाय चार ओळी सोडून बघेल.